पाहुणीला दाखवू आपलं सोलापूर



मागच्या हिवाळ्यात आमच्या संघाकडे एक पत्र आलं. लातूर जिल्ह्यातल्या बचत गटांच्या चाळीस बायका अभ्यास दौऱ्यावर सोलापूरला येणार होत्या. सकाळी चादरीचा कारखाना बघायचा, दुपारी आमच्या गटाचं भाकरी-चटणीचं काम, आणि खाली एक ओळ होती, "वेळ उरल्यास शहर दाखवावे."

मी बैठकीत पत्र वाचलं आणि विचारलं, शहर कोण दाखवणार? सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक अक्का म्हणाल्या, "सोलापुरात काय हाय बघायला, ताई? ऊन आणि धूळ." दुसरी म्हणाली, "त्यापेक्षा सरळ पंढरपूरला न्या की त्यांना."

मी विचारलं, "भुईकोट किल्ला आतून किती जणींनी बघितलाय?" बावीस जणींत तीन हात वर झाले. त्यातलाही एक शाळेच्या सहलीचा. आमच्यातल्या एक मावशी चाळीस वर्षं रोज किल्ल्याच्या भिंतीजवळून जातात, पण दाराच्या आत पाय टाकलेला नाही. त्यांना काय नावं ठेवू? मी स्वतः बी. ए.ला इतिहास घेतला, फ्रेंच राज्यक्रांतीवर पानंच्या पानं लिहिली, आणि आपल्या किल्ल्यावर कुणी दोन वाक्यं विचारली असती तर गप्प बसले असते.

मग ठरलं, पाहुण्या येण्याआधीच्या रविवारी आपणच एक फेरी मारायची. त्या फेरीत काय काय बघितलं, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात सिद्धेश्वर तळ्यापासून केली, कारण शहराची गोष्टही तिथूनच सुरू होते. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जुन्या लेखांत या गावाचं नाव सोन्नलगे असं येतं. बाराव्या शतकात इथे सिद्धरामेश्वर झाले. बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातले हे शिवयोगी. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांनी गावात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, असं परंपरा सांगते. आपल्या या कोरड्या मुलखात तळं खोदणं म्हणजे काय, हे डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

दर संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा तुम्हाला माहीत आहे. पण पाहुणीने विचारलं, ही यात्रा कशाची, तर काय सांगाल? ती एका लग्नाची यात्रा आहे. कथा अशी, की एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, संसार कसा करणार? त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. म्हणून आजही बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज खांद्यावर पेलून मिरवत आणतात. अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. भोगीच्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं आणि हजारो लोक अक्षता टाकतात. नंतर होमाचा विधी असतो. त्यात बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, मंगळसूत्र-बांगड्या घालतात. तीच ती कुंभारकन्या, आणि ती अग्नीला अर्पण होते.

संमती कट्ट्यासमोर आम्ही बसलो होतो. एक मावशी म्हणाल्या, "ताई, त्या पोरीचं नाव काय?" मी शोधलं होतं. सगळीकडे कुंभारकन्या एवढंच. मावशी म्हणाल्या, "आठशे वर्षं लग्न लावतोय, आन् नवरीचं नाव ठावं नाही." कुणी काही बोललं नाही. मला मात्र तो कट्ट्याचा शब्द नव्याने ऐकू आला. संमती. लग्नाआधी 'हो' विचारायचं असतं, ही गोष्ट आपल्या गावाने एका कट्ट्याच्या नावात जपून ठेवली आहे.

तळ्याला लागूनच किल्ला. बांधकाम बहामनी काळातलं मानतात. भुईकोट म्हणजे डोंगरावरचा नाही, सपाट जमिनीवरचा. त्यामुळे त्याचं रक्षण कड्याने करायचं नाही, भिंतीने आणि पाण्याने करायचं. म्हणून दुहेरी तटबंदी, खंदक, आणि एका अंगाला हे तळं. आत जुन्या मंदिराचे कोरीव खांब आहेत, बत्तीस खांबांची एक वास्तू आहे. तटावर चढून बघितलं, तर खाली तळं, मधे देऊळ आणि पलीकडे सगळं शहर. आमच्यातली एक म्हणाली, "आपलं गाव एवढं देखणं आहे होय!"

आता या किल्ल्याची खरी गोष्ट ऐका. बहामनी राज्य फुटलं आणि सोलापूर सापडलं दोन राज्यांच्या मधोमध. एकीकडे विजापूरची आदिलशाही, दुसरीकडे अहमदनगरची निजामशाही. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं, तेही इथेच, सोलापुरात. लग्नात सोलापूरचा किल्ला द्यायचं बोलणं झालं होतं. लग्न लागलं, किल्ला काही दिला नाही. मग लढाई जुंपली. मेहुणे मेहुणे वर्षानुवर्षं या किल्ल्यासाठी लढत राहिले. पुढे किल्ला अहमदनगरकडे गेला. शेवटी दोघांनाही विजयनगरविरुद्ध एक व्हायचं होतं, तेव्हा पुन्हा सोयरीक जमवली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला दिला.

ती मुलगी म्हणजे चांदबीबी.

हे सांगितल्यावर आमच्या बायका एकदम सावरून बसल्या. "म्हणजे हा किल्ला हुंड्यात गेला?" हो, हुंड्यात. "आणि आधीच्या त्या मरियमचं काय झालं, हुंडा दिला नाही म्हणून?" मी काय सांगणार? इतिहासाने लढाया मोजल्या. माहेर आणि सासर एकमेकांवर तोफा डागत असताना मधे उभ्या असलेल्या बाईचे दिवस कुणी लिहून ठेवले नाहीत. पण ते कसे गेले असतील, हे आमच्या गटातल्या कुणालाही पुस्तकात शोधावं लागलं नाही.

चांदबीबीने मात्र आपलं नाव मागे ठेवलं. नवऱ्याचा खून झाला, तेव्हा लहान वयाच्या राजासाठी तिने विजापूरचा कारभार पाहिला. पुढे माहेर संकटात आलं. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन अहमदनगरवर चालून आला, तेव्हा १५९५-९६ मध्ये तिने तो किल्ला लढवला. सुरुंगाने तट फुटला, तर रातोरात भिंत बुजवून घेतली. आणि १६०० च्या सुमारास, ही मोगलांना फितूर झाली अशा संशयावरून, तिच्या आपल्याच माणसांनी तिला मारलं. जिच्यासोबत एक किल्ला आंदण दिला, तिनेच दुसरा किल्ला राखला. पाहुण्यांना हे सांगायलाच हवं.

किल्ल्यातून निघून आम्ही चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. त्यांची गोष्ट कळायला आधी गिरण्यांकडे बघावं लागतं. १८७७ मध्ये इथे सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. त्याच वर्षांत मोठा दुष्काळ होता, शेतं करपली होती. मग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांनी पूर्व भागात माग टाकले. म्हणून तर आज आमच्या एका बैठकीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषा चालतात. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांचं काम.

या कामगारांच्या शहराने १९३० मध्ये इंग्रजांना घाम फोडला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर रस्त्यावर आलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ लावला, शहर लष्कराच्या ताब्यात दिलं. जूनअखेरपर्यंत तो चालला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. नावं नीट ऐका, मैत्रिणींनो. चार घरं, वेगवेगळ्या जाती-धर्मांची, एकच दिवस. कुर्बान हुसेन 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. १२ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या ऐन तोंडावर. त्यामुळे त्याच आठवड्यात सोलापूर एकीकडे अक्षता टाकतं आणि एकीकडे हार घालतं.

गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या. भोंगा थांबला, पण चूल थांबली नाही, ती विडीवर चालली. रात्री तेंदूची पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, सुपात तंबाखू घेऊन वळायची, दोऱ्याने बांधायची, आणि कारखान्यात छाट किती निघते याची धास्ती घ्यायची. हे काम करणाऱ्या बायकांनी मोर्चे काढून घरं मिळवली. कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, तिला नाव गोदूताई परुळेकरांचं. आमच्या गटातल्या सहा जणी तिथे राहतात. घराच्या कागदावर त्यांचं नाव आहे. हा इतिहास बघायला तिकीट लागत नाही.

मग दौऱ्याचा दिवस आला. जेवायला आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, आमटी आणि धपाटे केले. पाहुण्या ज्वारीच्याच मुलखातल्या, भाकरी त्यांना नवी नाही. पण एवढी पातळ आणि कडक कशी, हे त्यांना बघायचं होतं. पीठ गरम पाण्यात चांगलं मळायचं, जमेल तितकी पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर सगळं पाणी निघेपर्यंत वाळवायची. पाण्याचा अंश राहिला नाही की भाकरी कितीतरी दिवस टिकते. शिदोरी म्हणून बांधून नेता येते, आमटीत चुरून खाता येते. चटणीचं गुपितही साधं आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. मिक्सरमध्ये फिरवलं तर भुगा होतो. उखळात कुटलं तर शेंगदाणा आपलं तेल सोडतो आणि चटणीला चकाकी येते. पाहुण्यांनी चार पिशव्या चटणी विकत नेली.

किल्ला दाखवायचं काम चाळीस वर्षं भिंतीजवळून जाणाऱ्या त्याच मावशींनी केलं. तारखा त्यांच्या चुकल्या, मी मागून सांगितल्या. पण "हा किल्ला एका पोरीच्या हुंड्यात गेला" हे वाक्य त्यांनी असं सांगितलं, की चाळीस बायका गप्प झाल्या.

आता शेवटचं एक सांगते. त्या महिन्याच्या बैठकीत आमच्या एका सदस्येचा कर्जाचा अर्ज होता, मुलीच्या लग्नासाठी. आमच्या वहीत अशा कर्जापुढे कारण म्हणून 'घरगुती' लिहायची पद्धत आहे. सगळ्यांना माहीत असतं, त्यात जेवणावळ किती आणि मुलाकडच्यांची गाडी किती. त्या दिवशी मावशींनी विचारलं, "कारण खरं लिहायचं का?" १९६१ पासून हुंड्याला कायद्याने बंदी आहे. खरं लिहिलं, तर गट कर्ज देऊच शकत नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती आईच म्हणाली, "जेवणापुरतं द्या. गाडीचं मी सांगते त्यांना."

सोयरीक मोडेल म्हणून आम्ही सगळ्या धास्तावलो होतो. मोडली नाही. पण मुलाकडचे अजून घुश्श्यात आहेत आणि त्या आईची झोप अजून उडालेली आहे. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. एवढंच, की आमच्या वहीत त्या महिन्यापासून 'घरगुती' हा शब्द नाही.

तुमच्याकडे पाहुणी आली तर हिवाळ्यात बोलवा. ऊन सोसवतं, हुरडा मिळतो, आणि संक्रांत धरून आली तर गड्डाही बघता येतो. सकाळी लवकर तळं आणि देऊळ, मग किल्ला, मग हुतात्म्यांचे पुतळे. वेळ असेल तर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक दाखवा. सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनमधल्या जखमींच्या सेवेला गेला आणि तिथेच देह ठेवला. दुपारी घरी आणून भाकरी-चटणी वाढा.

आणि पाहुणी यायच्या आधी एकदा आपली आपण जाऊन या. सोबत सासूला न्या, लेकीला न्या. संमती कट्ट्यापाशी थोडं बसा.