टिपेश्वरची वाट आणि जागलीची वाट

टिपाई देवीच्या नावावरून ओळखलं जाणारं टिपेश्वर १९९७ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. आपण तिथे जातो ते गाडीतून, गाईडसोबत. खाली उतरायला बंदी. उन्हाळ्याआधी सागाचा वाळला पाला हटवून जाळरेषा काढतात. वणवा अडतो, गस्तीलाही वाट मोकळी राहते. पर्यटकांची काळजी अशी चोख.

पण २०१६ ते २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ म्हणजे ‘अवनी’ वाघिणीवर १३ मृत्यूंचा ठपका आला, ते बहुतेक शेतकरी आणि गुराखी होते. अभयारण्याबाहेरच्या वाटांवरची माणसं! गावांना सूचना एकच: एकटं जाऊ नका, दिवस मावळायच्या आत परता. आता सांगा, शेतीची वीज अनेकदा रात्री यायची, रानडुकरं रात्रीच पिकात शिरतात; जागलीला जायचं तरी कधी? २ नोव्हेंबर २०१८ ला वाघीण मारली गेली. तिच्यावर देशभर वाद झाला. धुऱ्यावरच्या पायवाटेवर कोण बोललं?

पुढच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. तोही शेताशिवारांतूनच चालत गेला.