अत्ताबिया पेठेचे मांजर

अंगावर पट्टे असलेल्या मांजराला इंग्रजीत ‘टॅबी’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द बहुधा मांजराच्याच संदर्भात भेटतो. परंतु मांजराला चिकटण्यापूर्वी तो एका रेशमी कापडाचा होता, कापडापूर्वी बगदादमधील एका पेठेचा होता, आणि पेठेपूर्वी एका माणसाचा होता. पैठणी किंवा चंदेरी या नावांत गाव जसे वस्त्राला चिकटून राहिले आहे, तशीच ही पेठही या शब्दात टिकून राहिली. फरक इतकाच, की येथे वस्त्र विस्मरणात गेले आणि नाव एका प्राण्याच्या पाठीवर उरले.

‘अत्ताबिया’ हे त्या पेठेचे नाव. ते ज्या अत्ताबशी जोडले जाते, तो अत्ताब इब्न असीद हा उमय्या कुळातील पुरुष असून, इ.स. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी तेथील कारभार त्याच्याकडे सोपवला होता. पुढे अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये त्याच्या नावाची पेठ विणकामासाठी प्रसिद्ध झाली. ११८४ मध्ये बगदाद पाहिलेल्या इब्न जुबैर या अंदलुसी प्रवाशाने या पेठेची आणि तेथे रेशीम व सूत एकत्र करून विणल्या जाणाऱ्या रंगीबेरंगी ‘अत्ताबी’ कापडांची नोंद केली आहे. या मालाला इतकी मागणी होती, की स्पेनमधील अल्मेरियाच्या मागांवरही अत्ताबी विणले जाऊ लागले. म्हणजे हे नाव बाराव्या शतकापर्यंतच पेठेपासून सुटून एका प्रकारच्या कापडाचे झाले होते.

पुढचा प्रवास सरळ आहे. अरबी ‘अत्ताबी’चे जुन्या फ्रेंचमध्ये ‘अताबिस’ झाले, आरंभीचा ‘अ’ गळून ‘ताबी’ उरले आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत ‘टॅबी’ आले. सॅम्युअल पेप्स याच्या रोजनिशीत ऑक्टोबर १६६१ मध्ये सोनेरी किनारीच्या, नकली टॅबीच्या बंडीचा उल्लेख आहे. ज्या कापडाची नकल होते, ते बाजारात किती मानाचे असेल, हे त्यावरून कळते.

खरा वाद येथून सुरू होतो. इंग्रजांच्या हाती आलेले टॅबी हे पट्ट्यांचे कापड होते की लहरींचे? त्या काळी टॅबी म्हणून विकले जाणारे बरेचसे कापड लहरीदार होते. बारीक आडव्या उंचवट्यांचे जाड रेशीम दुमडून ते वजनदार रुळांखालून दाबून काढले, की काही उंचवटे चपटे होतात, काही तसेच राहतात, प्रकाश दोहोंवरून निरनिराळा परततो आणि कापडावर पाण्याच्या लाटांसारखी झळक उमटते. या क्रियेलाच इंग्रजीत ‘टॅबी करणे’ असे क्रियापद तयार झाले, आणि सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही टॅबीचा अर्थ लहरीदार रेशीम असाच दिला आहे. म्हणून एक पक्ष म्हणतो, की मांजराला हे नाव पट्ट्यांवरून नव्हे, तर या लहरींवरून मिळाले.

हा पक्ष दुबळा नाही. तरीही त्याच्याविरुद्ध एक मोठी साक्ष उभी राहते आणि ती मांजराची नसून गाढवाची आहे. अरबीत झेब्र्याला ‘हिमार अत्ताबी’, म्हणजे अत्ताबी गाढव, असे नाव आहे. झेब्र्याच्या अंगावर लहर नसते, झळक नसते. काळ्या-पांढऱ्या रंगांचे स्वच्छ पट्टेच असतात. तेव्हा ज्या भाषेत हा शब्द जन्मला, त्या भाषेच्या कानाला ‘अत्ताबी’ म्हणताच पट्टे दिसत होते, हे मान्य करावे लागते. कापडाचे नाव जनावराला देण्याची कल्पनाही इंग्रजांची नवी नव्हे. तोच शब्द अरबांनी तशाच रीतीने वापरला आहे.

दुसरी साक्ष मांजरांच्या अंगावरच आहे. टॅबी मांजरांत दोन ठळक प्रकार आहेत: एकाच्या कुशीवर बांगड्याच्या पाठीवर असतात तशा अरुंद, समांतर रेघा असतात आणि म्हणून इंग्रजीत त्याला बांगड्याचेच नाव आहे, दुसऱ्याच्या कुशीवर रुंद, वळसेदार पट्टे असून ते लहरीदार रेशमाशी अधिक जुळतात. यांपैकी पहिला प्रकार रानमांजराकडून आलेला मूळचा आहे, तर दुसरा एका जनुकातील बदलाने निर्माण झाला. आणि प्राचीन मांजरांच्या अवशेषांतील डीएनएचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार तो बदल मध्ययुगाच्या उत्तरार्धापूर्वी आढळत नाही. सतराव्या शतकातील इंग्रजाच्या डोळ्यांसमोर साध्या पट्ट्यांचे मांजर अधिक वेळा आले असावे, असे यावरून म्हणता येते.

त्याच शतकात जॉन ऑब्री याने लिहून ठेवले आहे, की मांजरांची आवड असलेल्या आर्चबिशप विल्यम लॉड यांना १६३७-३८ च्या सुमारास ‘सायप्रस मांजरे’, म्हणजेच टॅबी मांजरे, भेट मिळाली. आरंभी ती पाच-पाच पौंडांना विकली जात आणि पूर्वीची पांढऱ्या अंगाची, निळसर ठिपक्यांची इंग्रजी मांजरे नंतर जवळजवळ नाहीशी झाली. इंग्लंडमध्ये पट्टेरी मांजर खरोखरच इतके नवे होते का, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ऑब्रीच्या नोंदीतून एक गोष्ट निश्चित कळते: हे मांजर पूर्वेकडून आलेली मौल्यवान वस्तू म्हणून पाहिले जात होते. पूर्वेच्या महागड्या मालाला पूर्वेच्या महागड्या कापडाचे नाव मिळावे, हे व्यापाऱ्याच्या बुद्धीला धरूनच होते.

टॅबीचे इतर अर्थ थोडक्यात सांगता येतात. प्रौढ अविवाहित स्त्रीला टॅबी म्हणत, त्यामागे टॅबिथा या नावाचे लघुरूप आणि मांजर या दोहोंचा हात असावा. विणकर मात्र आजही ताण्याचा एक धागा वर, एक खाली अशा सर्वांत साध्या विणीला टॅबी म्हणतात. अमेरिकेच्या जॉर्जिया व दक्षिण कॅरोलिना किनाऱ्यावर कालवांच्या शिंपा जाळून केलेला चुना, वाळू आणि शिंपा यांच्या मिश्रणालाही टॅबी म्हणतात. त्याच्या भिंतीवरील ठिपक्यांमुळे मांजराची आठवण होते खरी, पण तो शब्द वेगळ्या कुळाचा दिसतो. स्पॅनिश ‘तापिया’ आणि इब्न खल्दूनने वर्णिलेली फळ्यांमध्ये माती ठोकून उभारण्याची ‘ताबिया’ ही रीत त्याच्या अधिक जवळची आहे.

मराठीने अत्ताबी उसना घेतला नाही, तरी वाट तीच धरली. ‘पट्टेरी वाघ’ म्हणताना ज्या ‘पट्ट्या’चा आधार घेतला जातो, तो संस्कृत ‘पट्ट’पासून आला, आणि पट्ट म्हणजे वस्त्राची पट्टी, रेशमी वस्त्र. बगदादी गाढव, इंग्रजी मांजर आणि मराठी वाघ या तिघांच्याही अंगावरच्या रेघांना नाव मागावरच मिळाले. कारण माणसाने पट्टा रानात कितीही पाहिला असला, तरी त्याला तो नीट ओळखता आला, तो स्वतःच्या हाताने एक रंग संपवून दुसरा धागा लावू लागल्यावरच.