माशांच्या पानात काय वाढावे?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चकली बिघडली नाही, करंज्या तळताना फुटल्या नाहीत. पण धनत्रयोदशीच्या सकाळी एक मोठा अनर्थ होता होता टळला. सौभाग्यवतींनी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून ओल्या नारळाच्या चवाची पुडी समजून जे बाहेर काढले, ती नातवाच्या माशांची शिदोरी निघाली. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाला असतात तसे प्लॅस्टिकचे खळगे आणि प्रत्येक खळग्यात गडद तांबडा, चौकोनी खडा. खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्यावर त्या खड्यात केसासारख्या बारीक, तांबड्या, वेटोळे घातलेल्या शेकडो अळ्या दिसल्या. त्या सकाळी फ्रीज दोनदा पुसला गेला, आणि "हे घरात राहील किंवा मी राहीन" हे वाक्य लग्नानंतर बहुधा तिसऱ्यांदा उच्चारले गेले.

हा वाद रंगात आला असतानाच अर्जुनीकडचे आमचे एक जुने स्नेही फराळाला आले. जातीने धीवर, वय सत्तरीच्या पुढे, आणि सारा जन्म तलावाच्या पाण्यात काढलेला. त्यांनी तो खडा तळहातावर घेतला, विरघळू दिला, बोटाने दोन अळ्या वेगळ्या केल्या आणि म्हणाले, "मास्तर, ह्या तं आमच्या बोडीच्या गाळातल्या अळ्या होत जी! याले पैसे देल्ले का तुमी?"

मी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पानिपतात किती माणसे पडली ते मला विचारा. पण माझ्याच जिल्ह्यातल्या तलावातला मासा काय खाऊन मोठा होतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. मग वाचायला बसलो. जे हाती लागले ते दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो आहे.

माशाला खाऊ घालण्याचा छंद काचपेटीबरोबर आला असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीचा इतिहास सांगणारे त्याचे नाव वेगळ्या कारणाने घेतात, कारण आपल्या भाषेच्या जुन्या खुणा त्यात सापडतात. पण त्याच्या चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत आणि त्यांतली एक आहे 'मत्स्यविनोद'. कोणता मासा समुद्रातला, कोणता गोड्या पाण्यातला, कोणाला खवले आहेत, कोणाला नाहीत, कोणाला पिठाचे गोळे रुचतात आणि कोणाला मांस लागते, हे सारे त्यात आहे. सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहून ते जगापुढे आणले. अर्थात राजाने माशांना खाऊ घातले ते पुढे गळाला लावण्यासाठी! आमचा नातू निदान त्याबाबतीत तरी निष्पाप आहे.

काचेची पेटी मात्र विलायतेची. तिथे काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनज्ञाने एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवून पाहिल्या. वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडते, मासा तो घेतो, कुजलेली पाने गोगलगाय खाते; पाणी न बदलता महिनेच्या महिने सारे सुखाने नांदले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे घर उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'अक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राजेंद्रबाबूंच्या हस्ते उघडले. मी लहानपणी मामांबरोबर ते पाहिले होते. मासे आठवत नाहीत. काचेला नाक लावले म्हणून बसलेली चापट आठवते.

ही झाली पेटीची कथा. पण वॉरिंग्टनसाहेबाने जे काचेत साधले ते आमच्या भागात दोन-अडीचशे वर्षांपासून मातीत साधलेले होते, आणि फार मोठ्या प्रमाणावर. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण तलावांना ती सीमा ठाऊक नाही. कोहळी समाजाचे लोक हे इथले तलाव बांधणारे. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना आश्रय दिला, आणि जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, अशी राजाची रीत होती, असे परंपरा सांगते. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला. तलावाभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. या देवींनीच बांध घालायला हात लावला अशी आख्यायिका आहे, आणि कोलू पाटील स्वतः पुढे 'कोलासुर' देव होऊन बसला. पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअरचा देव झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे तलाव धानासाठी. मासे हा त्यांचा वरकड लाभ, आणि तो धीवरांचा. त्या माशांना कोणी कधी खाऊ घातले नाही. मग ते खात काय? याचे उत्तर आमच्या स्नेह्यांच्या तळहातावर होते.

ती तांबडी अळी म्हणजे कायरोनोमस नावाच्या एका बारीक माशीचे बाळरूप. ही माशी दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाही. तिच्याजवळ चावायला तोंडच धड नाही. पंख फुटल्यावर ती जेमतेम काही दिवस जगते, संध्याकाळी पाण्यावर थवे करून नाचते, पाण्यात चिकट गोळ्यात अंडी घालते आणि संपते. तिचे खरे आयुष्य अळीपणातच जाते. तळाच्या गाळात अळी स्वतःच्या लाळेच्या रेशमाने मातीची नळी विणते आणि त्या नळीत बसून कुजलेली पाने, शेवाळ, गाळातले सूक्ष्म कण खात राहते. तळाशी प्राणवायू फार थोडा. म्हणून निसर्गाने तिला दिले आहे तेच द्रव्य, जे आपल्या रक्तात असते: हिमोग्लोबिन. किड्यांमध्ये ही गोष्ट विरळा. आपल्या अंगात ते तांबड्या पेशींत कोंडलेले असते, हिच्या अंगात ते रक्तद्रवात सरळ विरघळलेले, म्हणून ती बाहेरूनच माणकासारखी लाल दिसते. एवढ्याशा जिवाचे विज्ञानावर उपकारही आहेत. १८८१ मध्ये बाल्बियानी या फ्रेंच शास्त्रज्ञाला याच अळीच्या लाळग्रंथीत पहिल्यांदा ते अवाढव्य गुणसूत्र दिसले, ज्यावर पुढे आनुवंशिकतेचे कितीतरी काम उभे राहिले.

म्हणजे पान गळते, गाळ होते. गाळ अळी खाते. अळीला मासा खातो. मासा माणूस आणि बगळा खातात. तलावात खाऊ घालायचे होते ते गाळाला. आणि त्याची व्यवस्था गावाने लावलेली होती. उन्हाळ्यात पाणी आटले की शेतकरी बैलगाड्या घेऊन येत आणि गाळ शेतात नेऊन टाकत. शेताला खत मिळे, तलाव उथळ होत नसे, आणि नव्या पावसात तळाशी पाणवनस्पती पुन्हा धरत. मालगुजाराची त्यावर नजर असे. ती नजर प्रेमाची होती असे मी म्हणणार नाही. मालगुजाराचा जुलूम सांगणारी माणसे मी पाहिली आहेत. पण तलाव राखणे त्याच्या हिताचे होते एवढे खरे.

३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक आजही त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. जमीनदारी गेली हे योग्यच झाले. मात्र बांधाची आणि गाळाची काळजी कोणाची, हा प्रश्न कागदांतून फिरत राहिला. मग बेशरम आली. जांभळ्या फुलांची ही परदेशी झुडपे काठाने माजली आणि जिथे रुजली तिथे तलाव भरत गेला.

त्याच दशकात माशांच्या पानातही मोठा बदल झाला. तोवर रोहू-कतल्याचे बीज बंगालच्या नद्यांतून पकडून आगगाडीने येई, कारण बंद पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओरिसातल्या अंगुळ येथे हिरालाल चौधरी यांनी मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशाला तळ्यात अंडी घालायला लावले. देशातल्या मत्स्यशेतीचा तो जन्मदिवस. बीज मुबलक झाले, तलाव ठेक्याने जाऊ लागले आणि माशांना वरून खाऊ पडू लागला. गोंदिया तर धानगिरण्यांचे गाव. कोंड्याला तोटा नाही. कोंडा आणि पेंड हे माशाचे नवे जेवण झाले. सोबत 'सिप्रनस' हा विलायती पाहुणाही आला. तो गाळ उकरून खातो, आणि उकरताना वनस्पतींची मुळेही उपटतो. ज्या पंगतीत बसला तिचीच पाने फाडणारा असा हा पाहुणा.

आता पुन्हा आमच्या फ्रीजकडे वळतो. अन्न झटपट गोठवण्याची युक्ती क्लॅरेन्स बर्डसाय या अमेरिकनाने लॅब्राडोरच्या थंडीत तिथल्या रहिवाशांकडून पाहिली आणि १९२० नंतरच्या वर्षांत तिचा धंदा केला. पुढे माणसाच्या वाटाण्यामागून माशाची अळीही त्याच वाटेने गेली. रशियात ही अळी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर गळाला लावतात. तिथे तिला 'मोतिल' म्हणतात. ती गोळा करून, धुऊन, खडे पाडून देशोदेशी विकली जाते आणि थर्मोकोलच्या डब्यात बसून गोंदियालाही पोचते.

माझ्याकडून एक अपराध घडला आहे, तोही सांगून टाकतो. उन्हाळ्यात मुले गावाला गेली आणि पाच सोनेरी माशांची जबाबदारी माझ्यावर आली. पाहुण्याला आग्रह करून वाढायची आपली रीत. मी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक खडा तसाच, गोठलेला, पेटीत टाकू लागलो. मासे तुटून पडत, मला धन्य वाटे. आठव्या दिवशी तीन मासे पोट वर करून तरंगत होते. उरलेल्या अळ्या तळाशी कुजल्या, पाण्यात अमोनिया झाला आणि कल्ले जळाले. नातवाने काही बोलून दाखवले नाही, हे मला फार लागले. नंतर रीत शिकलो. खडा आधी पेटीच्याच पाण्यात वाटीत विरघळवायचा, वेगळ्या गाळणीतून लाल पाणी काढून टाकायचे, दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढीच चिमूट घालायची, आणि तीही आठवड्यातून दोनदा. सोनेरी मासा मुळात पालाही खाणारा. त्याला रोज मेजवानी सोसत नाही. शिवाय ही अळी घाणेरड्या पाण्यातही तगते आणि तिथले विष अंगात साठवू शकते. तेव्हा ती कुठल्या पाण्यातली, हे विचारावे. गोठवल्याने सगळे जंतू मरतात हीही समजूत खोटी.

त्या दिवसांत मला शिंकांनीही हैराण केले होते. हात खाजत, डोळे चुरचुरत. डॉक्टरांनी धूळ, परागकण, नवा रंग असे सारे विचारले. माशांचे जेवण कोणाला आठवते? पण सुदानमध्ये नाईलकाठी वादी हाल्फा येथे हिच्याच गोत्रातल्या हिरवट माशांचे थवे उठत आणि लोकांना दम्याचा त्रास होई, हे १९५० नंतरच्या दशकात नोंदले गेले. तिथले लोक त्या माशीला 'निमित्ती' म्हणतात; दम्याचे निमित्त ठरलेल्या माशीला यापेक्षा चांगले नाव मराठीतही सुचले नसते! पुढे १९८० च्या सुमारास जर्मनीत डॉक्टर बाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचपेटी बाळगणाऱ्यांच्या शिंकांचा छडा लावला. दोषी निघाले तेच लाल द्रव्य, अळीचे हिमोग्लोबिन. वाळवलेल्या अळ्यांची पूड उडते म्हणून ती अधिक वाईट. आता मी चिमटा वापरतो आणि लगेच साबणाने हात धुतो. शिंका थांबल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी स्नेह्यांनी नातवाला आणि मला अर्जुनीकडे नेले. त्या तालुक्यात काही तलावांवर धीवर मंडळींनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मिळून उन्हाळ्यात बेशरम मुळासकट खणून काढली, तळ नांगरला आणि पहिल्या पावसात देशी पाणवनस्पती हाताने लावल्या, रोवणी करावी तशा. त्यांतली एक आमच्या नातवाने ओळखली. त्याच्या पेटीतलीच ती, वॉरिंग्टनसाहेबाची व्हॅलिस्नेरिया. तिच्या मुळाशी हात घालून स्नेह्यांनी ओंजळभर काळा गाळ वर काढला आणि पाण्यात हलवला. चार-पाच तांबडे धागे वळवळले.

"मोजून घे रे बाबू," ते नातवाला म्हणाले, "फुकट आहेत जी."

त्याने काचेच्या बरणीत गाळ, पाणी आणि त्या अळ्या भरून घरी आणल्या. माशांना घालायच्या नाहीत, नुसत्या पाहायच्या, असे ठरले. सौभाग्यवतींनी बरणीला गच्चीच्या कोपऱ्यापलीकडे येऊ दिले नाही, आणि तोंडाला फडके बांधायचे मी विसरलो. तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी आकाशकंदिलाभोवती धानातले हिरवे तुडतुडे नेहमीप्रमाणे घोंगावत होते. नातवाने खुर्चीवर चढून कंदिलाचा कागद निरखला आणि ओरडला, "आजोबा, यातल्या दोन आपल्या आहेत!"