कयाक, गळ आणि चूल

कयाक घेऊन पाण्यात जायचं, गळ टाकून मासा धरायचा आणि काठावर विस्तव पेटवून तिथेच भाजून खायचा, ही हौस आता आपल्याकडेही ओळखीची झाली आहे. गोव्यात, सिंधुदुर्गात खाडीच्या काठी रंगीत प्लास्टिकच्या कयाक भाड्याने मिळतात. आज मला या हौसेचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्यातली पहिली गंमत अशी की होडी आणि शेकोटी यांची जन्मगावं वेगळी आहेत. कयाक जिथे घडली तिथे जाळायला लाकूडच नव्हतं.

ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्काचा किनारा. बऱ्याच भागांत झाड औषधालाही सापडत नाही. दूरच्या नद्यांतून समुद्रात आलेलं आणि लाटांनी किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड हीच संपत्ती. ते चुलीत कोण घालणार? त्याचा सांगाडा व्हायचा, वर सीलचं कातडं चढायचं. कातडं शिवण्याचं काम बायकांचं, आणि टाका असा की थेंबभर पाणी आत येता कामा नये. शिवण उसवली तर माणूस परत येत नसे. होडी माणसाच्या अंगाच्या मापाने बनायची, लांबी दोन्ही हात पसरून वाव मोजून, बसायचं भोक कमरेच्या रुंदीवरून. आपण शिंप्याकडे माप देतो ना, तसंच. दुसऱ्याची कयाक आपल्याला नीट बसत नसे.

मग स्वयंपाक? इन्युइट घरात मऊ दगडाचा पसरट दिवा असायचा. त्यात सीलची चरबी, शेवाळाची वात, आणि वर टांगलेलं दगडी भांडं. तोच उजेड, तीच ऊब, तीच चूल. बरंचसं मांस तर कच्चंच खाल्लं जाई.

अलास्काच्या नैर्ऋत्येला अल्यूशियन बेटांची माळ आहे. तिथले उनांगन लोक, ज्यांना रशियनांनी अल्यूट म्हटलं, समुद्रसिंहाच्या कातड्याची कयाक वापरत. गळाला दोरी समुद्रातल्या केल्प नावाच्या वनस्पतीच्या लांब देठांची, आणि तळाशी हॅलिबट. हा चपटा मासा माणसाहून जड होऊ शकतो. तो इवल्याशा होडीजवळ ओढून घेणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून आधी त्याच्या डोक्यात सोटा घालायचा. मौज हा शब्द इथे कुणाला सुचला असेल असं मला वाटत नाही, पण कसबाचा अभिमान नक्की असणार.

1741 साली बेरिंगची मोहीम या भागात पोचली. बेरिंग स्वतः एका ओसाड बेटावर वारला, पण वाचलेले खलाशी पुढच्या वर्षी समुद्री पाणमांजरांची कातडी घेऊन परतले. त्या कातड्यांना चीनमध्ये जबरदस्त भाव होता. झालं! रशियन व्यापाऱ्यांची रांग लागली. त्यांना पाणमांजर मारता येत नव्हतं, कयाकवाल्यांना येत होतं. मग गावातली बायकामुलं ओलीस ठेवायची आणि पुरुषांना शिकारीला पाठवायचं, अशी पद्धत पडली. 1763-64 मध्ये उनांगन लोकांनी उठाव केला, तो निर्दयपणे मोडून काढला गेला. पुरुष शिकारीत अडकले की घरी हिवाळ्याची बेगमी कोण करणार? रोगराई, मारहाण आणि उपासमार यांत काही पिढ्यांतच या समाजाचा मोठा हिस्सा संपला. 1812 मध्ये रशियनांनी कॅलिफोर्नियात फोर्ट रॉस वसवलं, तेव्हा तिथेही अलास्कातले शिकारी त्यांच्या कयाकसह नेले गेले. होडी तीच, हात तेच, फक्त शिकार दुसऱ्याची.

आता शेकोटीकडे. 1865 मध्ये जॉन मॅकग्रेगर या लंडनच्या बॅरिस्टरने कयाकच्या धर्तीवर ओक लाकडाची, वरून झाकलेली होडी करून घेतली आणि दोन पात्यांचं वल्हं मारत युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या. पुस्तक खूप गाजलं. पण साहेब रात्री बहुधा खानावळीत जेवून गादीवर झोपत, त्यामुळे आपल्या कामाचे अर्धेच.

खरा आपला माणूस जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. पेनसिल्व्हेनियातला चांभार, अंगाने काटकुळा, छातीने अधू, आणि ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारा. हे नाव त्याने लहानपणी जंगल शिकवणाऱ्या एका मूळनिवासी माणसाचं घेतलं होतं. त्या काळी न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक तळ्यांवर श्रीमंतांची झुंबड उडाली होती. पण होडी वल्हवायला, उचलायला, मासा तळायला रोजाने वाटाड्या लागे, आणि सिअर्सकडे तेवढे पैसे कुठले? त्याने रश्टन नावाच्या कारागिराकडून आपल्याला उचलता येईल अशी होडी बनवून घेतली. 1883 ची ‘सेअरी गँप’ जेमतेम पावणेपाच किलोची! एकसष्टाव्या वर्षी तो ती स्वतः वाहत, दोन पात्यांच्या वल्ह्याने हाकत तळ्यातळ्यांतून फिरला.

1884 च्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने विस्तवावर मनसोक्त लिहिलंय. भला मोठा धुरकट जाळ करून त्यावर स्वयंपाक करू पाहणाऱ्यांची त्याने चांगलीच टर उडवली आहे. त्याचा उपाय सोपा: दोन ओली ओंडकी, एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब, म्हणजे लहान-मोठं भांडं बसेल. मध्ये बेताचे निखारे. मासा मक्याच्या पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळायचा. आपण बांगड्याला रवा लावतो, त्याचंच हे भावंड.

पुढचं भरभर सांगतो. 1907 पासून जर्मनीत क्लेपर या शिंप्याने घडीची कयाक विकायला काढली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाकच्या शर्यती झाल्या. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात वर बसायची कयाक आली, मग साच्यातलं प्लास्टिक आलं आणि गळवाल्यांची सोय झाली.

पाणमांजरांना 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षण मिळालं, तेव्हा ती मोजकीच उरली होती. उनांगन लोक मात्र आपली जुनी कयाक आता पुन्हा बांधू लागले आहेत. सांगाडा कसा जोडायचा हे शिकताना काही मापं त्यांना संग्रहालयांत जपलेल्या होड्यांवरून घ्यावी लागली.