साखळीचा गिलास

आमच्या आजीच्या लेखी जगात पाणी दोनच जातींचं होतं. डाळ शिजवणारं आणि डाळ न शिजवणारं.

तुरीची डाळ ज्या पाण्यात दोन उकळ्यांत मऊ होते ते गोड पाणी. सकाळपासून चुलीत पऱ्हाट्या कोंबल्या तरी जी डाळ दाताखाली कचकच लागते, तिचं पाणी खारं. आमच्या अंगणातल्या आडाचं पाणी खारं होतं. ते अंघोळीला, भांड्यांना, बैलांना. वरणाचं आणि पिण्याचं पाणी गावाबाहेरच्या एका वावरातल्या विहिरीवरून यायचं, म्हणजे आई, काकू आणि मी आणायचो. त्यांच्या डोक्यावर चुंभळ, चुंभळीवर पितळी गुंड. माझ्या हातात चरवी, आणि घरी पोचेपर्यंत तिच्यातलं निम्मं पाणी माझ्या परकरावर.

गाव दारव्हा तालुक्यातलं, शकुंतला नावाच्या आगगाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाऊस तसा कमी पडत नाही, वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण आपण पठारावर राहतो आणि खाली काळा पाषाण. पाणी ठरतच नाही, इकडून वर्धा नदीकडे नाहीतर तिकडून पैनगंगेकडे निघून जातं. आजी म्हणायची, "पाव्हन्यासारखं येते न् जेवून निंघून जाते." कळंबच्या चिंतामणीचं तिला म्हणूनच फार कौतुक. तिथं मूर्ती जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचं, आणि दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपणहून चढतं आणि देवाच्या पायांना लागतं, असं सगळे मानतात. आजी एकदा ते पाहून आली होती. "देवाकडं पानी चालून येते, आपल्याले चालत जा लागते," एवढंच तिनं त्यावर सांगितलं.

आणलेलं पाणी तसंच रांजणात ओतायचं नाही. जुन्या लुगड्याचा धडपा दुहेरी करून गाळायचं. पावसाळ्यात गढूळ आलं तर निवळीची बी घागरीच्या आत घासायची, नाहीतर तुरटी फिरवायची. गाळणं का, तर आजीची आई गाळत होती म्हणून. त्या धडप्यानं आमच्या घराला कशापासून वाचवलं ते मला फार उशिरा कळलं. थोरल्या काकांना तरुणपणी नारू झाला होता. परगावी कामाला गेले असताना पायऱ्यांच्या विहिरीत उतरून ओंजळीनं पाणी प्यायले असावेत, असा घरचा तर्क. पोटरीला फोड आला, फुटला, आणि त्यातून सुतळीसारखा किडा डोकावू लागला. तो काडीला गुंडाळत रोज बोट-अर्धं बोट ओढायचा. तुटला की पाय सडलाच समजा. काकांनी ती काडी किती दिवस बांधली होती? आई पंधरा म्हणायची, काका स्वतः दोन महिने म्हणायचे. दुखणं ज्याचं त्याला लांब वाटतं, तेव्हा खरं कुठंतरी मध्ये असेल. नारूचे जंत पाण्यातल्या बारीकशा पिसवांच्या पोटात असतात, आणि त्या पिसवा दुहेरी कपड्यातून जात नाहीत. पुढं सरकारनं नारूविरुद्ध मोहीम काढली, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, गावोगाव गाळणी वाटली. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. आमच्या नातवंडांना तर 'नारू' हा शब्दही समजावून सांगावा लागतो. असे शब्द मेलेलेच बरे.

पण मला सांगायचं आहे ते पाणपोईचं.

आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरायची आणि त्याच दिवशी स्टेशनच्या वाटेवरच्या निंबाखाली पाणपोई मांडायची, असा आमच्या घरचा शिरस्ता. ओली वाळू पसरून तिच्यात दोन रांजण गळ्यापर्यंत रोवायचे, वरून ओलं पोतं गुंडाळायचं. वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हात रांजण पाझरतो, पाझर वाळतो आणि आतलं पाणी असं गार होतं की दात शिवशिवतात. आजी एखाद्या रांजणात वाळ्याची जुडी सोडायची. बाजूला गुळाचे खडे, कारण उन्हातून आलेल्याला रिकाम्या पोटी नुसतं पाणी द्यायचं नाही.

शकुंतला आली की पाणपोईवर गर्दी व्हायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची ती बारकी गाडी, किलिक निक्सन या विलायती कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं, मग डिझेलचं आलं. इंजिनालाही तहान लागायचीच. ते पाणी घेईपर्यंत माणसं उतरून आमच्याकडं पाणी पिऊन परत डब्यात चढायची. आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, सांगायचे की त्यांच्या काळी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीच्या फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगवेगळे माठ असत. स्वातंत्र्याआधी देशभरच्या स्टेशनांवर तसे असतच, तेव्हा खरंच असावं.

आमच्या पाणपोईवर तशी पाटी नव्हती. पितळी गिलास होता, साखळीनं खांबाला बांधलेला. आधी तो मोकळाच असायचा, पण एकदा तहानलेला कुणी तो घेऊनच गाडीत बसला, तेव्हापासून साखळी. गंमत अशी की १८५९ साली लंडनमध्ये धर्मार्थ पाण्याची पहिली तोटी बसली, तेव्हा तिथंही पेले साखळीनंच बांधले होते. गिलास पळवायची बुद्धी सगळीकडं सारखी.

त्या साखळीच्या गिलासातून सगळेच पीत, असं मात्र नव्हतं. काही माणसं आली की आजी ओगराळं भरून हात उंच करायची, आणि ती माणसं खाली वाकून ओंजळ तोंडाशी धरायची. वरून धार, खाली ओंजळ. मी सहा-सात वर्षांची असेन. मला तो प्रकार भारी मौजेचा वाटायचा. एका दुपारी मीही वाकून ओंजळ धरली आणि म्हटलं, "आजी, मलेबी तसंच दे." आजीनं ओगराळं रांजणात टाकलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. ती मला मारायची नाही. म्हणून तो धपाटा अजून आठवतो. का मारलं ते तिनं सांगितलं नाही, आणि ओंजळ धरून बसलेला म्हातारा मान खाली घालून हसला. त्या हसण्याचा अर्थ लागायला मला पंधरा वर्षं लागली.

'पानी कोनाले नाही म्हनू नये' असं म्हणणारी हीच आजी. तिनं कुणालाच परत पाठवलं नाही हे खरं, आणि ती धार वरून पडायची हेही खरं. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते २० मार्च १९२७ ला. आजीचं तेव्हा नुकतं लग्न झालं असेल. महाडची वार्ता आमच्या निंबाखाली पोचायला आणखी तीस वर्षं लागली.

ती आली १९५६ च्या दसऱ्यानंतर. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला गावातला एक तरुण पाणपोईवर आला, ओंजळ धरली नाही, साखळी ओढून गिलास घेतला, स्वतःच्या हातानं ओगराळं भरून पाणी प्यायला आणि गिलास जागेवर ठेवून गेला. इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत. दसऱ्यानंतर कसली पाणपोई, तो पुढच्या वर्षीचा उन्हाळा असणार, असं माझी धाकटी बहीण म्हणते, आणि तिचं बरोबर असावं. त्यापुढं मात्र दोन कहाण्या आहेत. आजी सांगायची, "म्या काई म्हनलं नाही." काका सांगायचे, ती चार दिवस पाणपोईवर गेलीच नाही, आणि पाचव्या दिवशी आबाजींनीच गिलास घासून पुन्हा लावला. मला काकांची कहाणी खरी वाटते. आजीचीही वाटावी असं मनातून वाटतं. एवढं नक्की, की त्यानंतर मी कुणाला वाकून पाणी पिताना पाहिलं नाही.

अमेरिकेतही असे सामायिक पेले होते. तिकडच्या कान्सास राज्यानं १९०९ मध्ये आजार पसरतात म्हणून त्यांवर बंदी घातली. तिथं जंतूंना भ्यायले, आम्ही माणसांना.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. तेव्हापासून गावोगाव बोअर पाडायची यंत्रं फिरू लागली आणि हापस्या आल्या. सुरुवातीच्या हापस्या बिडाच्या, एका कुटुंबापुरत्या. अख्खं गाव तुटून पडलं की महिन्यात मोडायच्या. पुढं देशभर गेलेली मजबूत हापसी जालन्याच्या मिशनऱ्यांनी आणि सोलापूरच्या कारागिरांनी केलेल्या पंपांवरूनच घडली. हे वाचलं तेव्हा मला उगीच माहेरचं कुणी मोठं झाल्यासारखं वाटलं.

पांढरकवड्याकडं दिलेल्या माझ्या आत्याच्या दारातच अशी हापसी आली. डोक्यावरचा गुंड उतरला. आजी मुद्दाम तिचं पाणी पाहायला गेली, म्हणजे डाळ शिजवून पाहायला. डाळ अशी शिजली की घोटायची गरज पडली नाही. "अमृत हाय व माय," असा निकाल देऊन आजी परत आली. ती गेली ऐंशी की एक्क्याऐंशी साली, आणि तेच बरं झालं. कारण पुढं आत्याच्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटले, आत्या साठीच्या आतच कमरेत वाकली, आणि कुणीतरी येऊन त्या हापसीला लाल रंग मारून गेलं. पाण्यात फ्लोराइड. लिटरमागं एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, फारच झालं तर दीड. खडकात खोल मुरलेल्या पाण्यात ते उतरतं, आणि जिथं ते जास्त असतं तिथं बहुतेकदा चुना कमी आणि सोड्याचा अंश जास्त असतो. म्हणजे नेमक्या त्याच पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते! आजीची जन्माची कसोटी त्या विषाला पहिल्या नंबरानं पास करून आली होती. धडप्यानं पिसू अडते, फ्लोराइड अडत नाही. तुरटी आणि चुना ढवळून ते खाली बसवायची रीत आपल्या नागपूरच्या संशोधकांनीच काढली, आज नीरी म्हणतात त्या संस्थेनं. पण ती नावारूपाला आली तेलंगणातल्या नलगोंड्याच्या नावानं, आणि आत्याच्या घरी पोचली तेव्हा आत्या अंथरुणावर होती.

आता मी यवतमाळात राहते. २०१८ चा उन्हाळा इथल्या कुणी विसरणार नाही. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणं तळाला गेली, नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, रात्री दोनला टँकरचा भोंगा ऐकून म्हातारी माणसं ड्रम घेऊन पळत होती. आणि घराघरात कूलर. तोही राक्षसासारखा पाणी पितो. आजीनं पाहिलं असतं तर वारा खाण्यासाठी पाणी जाळता काय, म्हणून धपाटा घातला असता. बेंबळा धरणाच्या पाण्याची नुसतीच वाट पाहणं चाललं होतं. त्याच साली आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाणं टाकायचं यंत्र बसलं. पाच रुपये टाका, वीस लिटर घ्या. सगळ्यांना नवल. पण अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं दोन हजार वर्षांपूर्वीच देवळासाठी असं यंत्र केलं होतं, नाणं पडलं की तीर्थ गळायचं.

त्या यंत्राबद्दल माझं मन एक होत नाही. पाणी विकणं हे ऐकून आजीनं कानावर हात ठेवले असते. पण त्या तोटीसमोर कुणाला वाकावं लागत नाही, आणि धार सगळ्यांच्या कॅनमध्ये सारख्याच उंचीवरून पडते. ज्याच्याकडं पाचचं नाणं नाही, त्याच्यासाठी मात्र तिथं गुळाचा खडाही नाही.

म्हणून त्या वर्षापासून आखजीला मी फाटकाबाहेर एक रांजण ठेवते. पहाटे सहाला भरते. थांबणारे आधी विचारतात, "आरोचं आहे का काकू?" नळाचं गाळलेलं आहे म्हटलं की निम्मे पितात, निम्मे पुढं जातात. गिलास स्टीलचा, साखळी लावलेली नाही. यंदा मृगापर्यंत तीन गिलास गेले, चौथा लावला आहे. जाता-येता रांजणाचं झाकण उघडं दिसलं तर तेवढं लावून जा. कावळे तोंड घालतात.