एकट्याच्या वाटेचा साक्षीदार : ‘एकांक’ आणि ‘स्थानपोथी’

मराठी प्रवासलेखनाचा इतिहास शिकविताना आपण बहुधा गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून आरंभ करतो. ते पुस्तक १९०७ साली छापले गेले. परंतु एकट्या माणसाच्या भ्रमंतीचे मराठी गद्य त्याहून सहा शतके जुने आहे, आणि त्या भ्रमंतीतील काही मुक्काम आमच्या परिसरापासून फार दूर नाहीत. आम्ही शिकवितो ते गोरेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात आहे. येथून रिसोडच्या बाजूने पुढे गेले की लोणार आणि मेहकर लागते. ही दोन्ही नावे ‘लीळाचरित्रा’त येतात.

‘लीळाचरित्रा’च्या पहिल्या भागाला ‘एकांक’ म्हणतात. श्रीचक्रधर पैठणला येईपर्यंत एकटे हिंडत होते, तो हा काळ. नामदेवांच्या तीर्थयात्रेला ज्ञानदेवांची सोबत होती. चक्रधरांच्या या वाटेवर नित्याचा सोबती कोणी नाही. लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आल्याची लीळा आहे. मेहकरला बोणेबाईंची भेट होते. माणसे भेटतात आणि मागे राहतात. वाट एकट्याचीच असते.

येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रवासी एकटाच असेल आणि त्याने स्वतः काही लिहून ठेवले नसेल, तर त्या प्रवासाची साक्ष द्यायची कोणी?

म्हाइंभटांना हा प्रश्न नेमका पडला असला पाहिजे. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर निघून गेले. त्यानंतर रिद्धपूरला नागदेवाचार्यांकडून आठवणी ऐकून म्हाइंभटांनी लीळा लिहून घेतल्या. ज्यांना जे ठाऊक होते त्यांच्याकडे जाऊन ते पडताळले. पण ‘एकांका’तील बहुतेक प्रसंग नागदेवांनीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. चक्रधरांनी पुढे आपल्या माणसांत बसून जे सांगितले, ते ऐकणाऱ्यांच्या स्मरणात राहिले आणि तेथून पोथीत उतरले. म्हणजे ‘एकांक’ हे एका अर्थी सांगितलेले आत्मकथन आहे. लिहिणारे हात मात्र दुसऱ्याचे.

ही पोथीही पुढे ‘खालशाच्या धाडी’त नाहीशी झाली असे परंपरा सांगते. हिराइसांसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. पाठ वेगवेगळे निघाले, तेव्हा महानुभावांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. भिन्न आठवण ‘वासना’ म्हणून नोंदविली. साक्षीदार कमी असताना साक्षींतील तफावत जपणे, ही तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठी माणसांची इतिहासदृष्टी आम्हांला फार मोलाची वाटते.

दुसरा उपाय ‘स्थानपोथी’चा. आठवण डळमळीत असेल, पण जागा तर तेथेच आहे! चक्रधर जेथे राहिले, बसले, निजले, त्या जागा या ग्रंथात गावागावाने नोंदविल्या आहेत. देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कोठे, तेथून पुढचे स्थान किती अंतरावर, हे सारे त्यात येते. बराच काळ राहिले ते ‘अवस्थान’, रात्र काढली ती ‘वसती’, बसले ते ‘आसन’. येथे वर्णनाचा फुलोरा नाही, आहे ती मोजणी.

यातील विसंगती वाचकांच्या ध्यानी आली असेल. चक्रधरांची शिकवण नित्य अटनाची होती. कोठे गुंतू नये, ओळखीच्या जागी रमू नये. त्यांच्या अनुयायांनी मात्र त्यांच्या प्रत्येक जागेला मापाने बांधून ठेवले. या अवज्ञेमुळेच, तिला अवज्ञा म्हणायचे तर, तेराव्या शतकातील गावांचा, देवळांचा आणि वाटांचा एवढा तपशील आपल्या हाती आला.

असे अन्यत्रही घडले आहे. आयर्लंडहून आलेल्या भिक्षूंनी ५६३ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावर मठ स्थापन केला. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या मठाचा प्रमुख अॅडॉमनान याने पवित्र स्थळांवर एक ग्रंथ लिहिला. जेरुसलेम स्वतः त्याने पाहिले नव्हते. आर्कुल्फ नावाच्या प्रवाशाने त्याला सांगितले, मेणाच्या पाट्यांवर वास्तूंचे आराखडे काढून दाखविले आणि येशूचे थडगे आपल्या हाताने मोजल्याचेही सांगितले. आर्कुल्फ खरोखर होता काय, अशी शंका आधुनिक अभ्यासकांनी घेतली आहे. ऐकणारा, लिहिणारा, मापाचा आग्रह आणि साक्षीविषयीची शंका, हे सारे तेथेही आहे.

वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून ते आपल्या वर्गांत आहे, पण भाषेच्या जुनेपणापुरते. विभक्तिप्रत्यय शोधून झाले की पुस्तक मिटते. वस्तुतः हा ग्रंथ आणि ‘स्थानपोथी’ हातात घेऊन चालावे अशा योग्यतेचे आहेत. जीर्णोद्धारात ओटे फरशीखाली जातात, उंबरे बदलतात, कधी दाराची दिशाही बदलते. ज्या गावाची मापे कोणी लिहून ठेवली, त्या गावात निदान काय बदलले हे तरी कळते. आमच्या विद्यार्थ्यांच्या गावांपैकी बहुतेकांची अशी पोथी कोणी लिहिलेली नाही. ती लिहायची, तर पहिल्या पानावर दाराची दिशा आणि ओट्याची लांबी-रुंदी असावी. श्रद्धेचे आणि अभिमानाचे त्यानंतर पाहता येईल.