आंबटाचे मडके

1874 साली पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात, एक हग्गादा छापून निघाली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरच्यांनी एकत्र बसून वाचायची पोथी. मिसरातल्या दास्याची आणि सुटकेची. ती काढणारे दोघे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू: मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर. मूळ हिब्रू, जोडीला मराठी भाषांतर. छपाई शिळाप्रेसची. उजवीकडून चालणारे हिब्रू आणि डावीकडून येणारी मराठी यांना शेजारी नांदवायला दगड बरा, खिळे जुळवण्याची कटकट नाही. वल्हांडणाच्या पोथीवर अग्निहोत्र्यांचे नाव, हा योग पुण्यातच जुळायचा.

पोथीतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, करताना दिसतात. कथा नाईलकाठची, बसण्याची ढब मात्र आपल्या स्वयंपाकघरातली.

या चित्राशेजारी दुसरा एक कागद ठेवायला हवा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवला. बेने इस्राएलांना कोकणात शनवार तेली म्हणत. त्यांचे सण जुन्या नावांनी त्यात नोंदलेले आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. आणि वल्हांडणाच्या जागी अनशी ढाकाचा सण. अनस म्हणजे आंबट पातळ तोंडीलावणे. ते ज्या मडक्यात असे, ते सणाच्या दिवसांत झाकून ठेवायचे, असा केहिमकरांचा खुलासा. बस, एवढेच. मिसर नाही, फारो नाही, कोकरू नाही.

या खुलाशावर सगळा भार टाकू नये. केहिमकर लिहीत होते तेव्हा समाजाच्या हाती तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, येऊन बराच काळ लोटला होता. मिशनरी जॉन विल्सन यांनी या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले तेच 1832 साली. ग्रंथ कळल्यावर जुन्या रूढीला अर्थ चिकटवणे सोपे असते. पण नाव तसे चिकटवता येत नाही. निर्गम, म्हणजे तोरेतले मिसर सोडल्याचे पुस्तक, वाचून कोणी सणाला नाव दिले असते तर भाकरीचे दिले असते, मडक्याचे नव्हे. म्हणून मला खुलाशापेक्षा नाव अधिक विश्वासाचे वाटते.

आता निर्गमाचा बारावा अध्याय उघडावा. लोक घाईने निघाले, कणीक फुगायला वेळ नव्हता, परातीच कापडात गुंडाळून खांद्यावर घेतल्या. हे चित्र गहू-जवाच्या मुलखातले आहे. तिथे आदल्या दिवसाच्या आंबलेल्या कणकेचा गोळा राखून ठेवायचा आणि तोच नव्या पिठात मिसळायचा, असा रोजचा रिवाज. त्या गोळ्याला हिब्रूत 'सओर' म्हणतात. वर्षातून सात दिवस तो घरात दिसता कामा नये, अशी आज्ञा. भातावर जगणाऱ्या कोकणात ही आज्ञा पाळायची कशी? फुगवलेली भाकरी रोजच्या जेवणात नाहीच, मग टाकायचे काय?

फुगलेल्या कणकेला हिब्रूत 'हमेत्स' म्हणतात. या शब्दाच्या धातूत मूळ भाव आंबटपणाचा आहे. शिरक्याला त्याच धातूवरून 'होमेत्स'. मराठी बायबलात 'खमीर' आले, ते फारसीवाटे आलेले अरबी. त्यातून आपल्या कानाला पाव ऐकू येतो, आंबट चव येत नाही. हिब्रूचे अक्षर न वाचता अनशीचे मडके झाकणाऱ्या बाईने मात्र धातूचा अर्थ नेमका धरला होता. तिला हे कोणी शिकवले, की आंबट पदार्थ घरात तेवढा एकच असल्याने हात तिकडे गेला, हे नावावरून ठरत नाही.

1874 च्या चित्रातल्या बायकांपुढे पीठ आहे. मराठी भाषांतरामुळे त्यांच्यापैकी कुणीही ऐकून सांगू शकली असती की आपण हे का करतो आहोत. मडक्यावर झाकण ठेवणाऱ्या तिच्या आजीने बहुधा एवढेच सांगितले असते, की सण सरेपर्यंत त्याला हात लावू नको.